पारंपरिक उंटबाजार : वाटाड्यासोबतची क्षेत्रभेट

या पाठात काय शिकाल

- जनावरांचा बाजार ही एक आर्थिक आणि सामाजिक संस्था कशी चालते
- खरेदीदार व विक्रेता यांच्या माहितीतील तफावत आणि तिच्यावरचे पारंपरिक उपाय
- उंटबाजार का आटत आहेत
- क्षेत्रभेटीत स्थानिक वाटाड्याची भूमिका

1. प्रस्तावना

उंट म्हटले की डोळ्यांपुढे राजस्थान येते. पण मराठी मुलखालाही हा प्राणी परका नाही. पेशवाईत तातडीची पत्रे सांडणीस्वार नेत असत. सांडणी म्हणजे उंटाची मादी. उंटाच्या पाठीवरून डागायच्या हलक्या तोफेला शुतरनाळ म्हणत. आजही नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात घोडे व गाढवांबरोबर उंटही येतात. यात्रेची व्यवस्था जिल्हा परिषद पाहते. उंटांचा मोठा व्यापार मात्र राजस्थानात होतो. कार्तिकातील पुष्करचा मेळा आणि बाडमेर भागातील तिलवाड्याचा मेळा हे त्यांपैकी प्रसिद्ध.

देव, तिथी आणि बाजार एकत्र का आले, हा पहिला प्रश्न. भटक्या पशुपालकाला ठरलेला पत्ता नसतो. वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या जागी सगळे येणार याची खात्री यात्रा देते. तिथेच व्यवहार होतात, सोयरिकी जुळतात आणि समाजाचे तंटेही मिटवले जातात.

2. केव्हा जावे

तुम्ही पुष्करला पौर्णिमेच्या दिवशी पोहोचलात तर गर्दी खूप दिसेल, पण जनावरे थोडीच. खरी खरेदी-विक्री आधीच्या दिवसांत उरकलेली असते आणि व्यापारी परतीच्या वाटेला लागलेले असतात. म्हणून मेळा सुरू होताच जा, आणि पहाटे जा. त्या वेळी जनावरांना चारा-पाणी चाललेले असते, मालक निवांत असतो आणि बोलायला तयार असतो.

3. वाटाड्या कशासाठी?

वाटाड्या रस्ता दाखवतो, पण हे त्याचे सर्वांत लहान काम. कोणता तळ कोणत्या समाजाचा, कोण पशुपालक आणि कोण व्यापारी, कोणाशी कोणत्या वेळी बोलता येईल, हे तो सांगतो. त्याच्या ओळखीवरच तुम्हाला तळावर बसायला जागा मिळते.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दलालाला सौदा झाला तरच पैसे मिळतात, वाटाड्याला दिवसाची मजुरी मिळते. एकच माणूस दोन्ही कामे करत असेल, तर त्याचे सांगणे तपासून घ्या. तो तुम्हाला कोणाकडे नेतो याची नोंद करा, आणि कोणाकडे नेत नाही याचीही.

4. जनावराची पारख

बैलबाजारात दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला हे शब्द तुम्ही ऐकले असतील. उंटाचे वयही दातांवरूनच ओळखतात. त्याच्या खालच्या जबड्यात पुढचे सहा दात असतात. दुधाचे दात पडून मधली कायमची जोडी साधारण पाचव्या वर्षी येते, दुसरी सहाव्या आणि तिसरी सातव्या वर्षाच्या आसपास. पूर्ण तोंड भरलेला उंट कामाच्या वयाचा मानतात. दात फार झिजले असतील तर तो उतारवयाचा.

त्यानंतर उंटाला बसवून उठवतात आणि चालवून पाहतात. छातीखालचा घट्टा, तळपाय, पाठीवरच्या जखमा आणि खरूज तपासतात. मागे चिमटलेला, खंगलेला उंट दिसला की जाणकार सर्रा रोगाची शंका घेतो. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग तळावर उभ्या जनावरात लगेच ओळखू येत नाही.

इथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. जनावराचा स्वभाव आणि जुने आजार विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले, की अशा तफावतीमुळे चांगला माल बाजारातून बाहेर पडू शकतो. घेणारा फसण्याच्या भीतीने कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या मालाचा मालक विकत नाही. 2001 च्या नोबेल पुरस्कारामागे हे काम होते. दातांची तपासणी, चालवून पाहणे, मध्यस्थाची पत आणि दरवर्षी त्याच जागी येणाऱ्या माणसाची अब्रू हे सारे या अडचणीवरचे जुने उपाय आहेत.

5. रुमालाखालचा भाव

महाराष्ट्रातील अनेक जनावरांच्या बाजारांत दोघे हातावर रुमाल टाकून बोटे दाबताना दिसतात. बोटांच्या संख्येवरून आकडा कळतो. तो शेकड्यात की हजारात, हे जनावर पाहून दोघांनाही माहीत असते. यामुळे बोलणी भोवतीच्या लोकांपासून लपते. विक्रेत्याला एकाला नाकारलेला भाव दुसऱ्यापुढे उघडा करावा लागत नाही. पण बाजारभाव सर्वांना कळण्याची वाटही त्यामुळे बंद होते, आणि नवख्याला मध्यस्थाशिवाय गत्यंतर राहत नाही.

6. बाजार का आटतो आहे?

देशातील उंटांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे 4 लाख होती, 2019 मध्ये ती सुमारे 2.5 लाखांवर आली. ट्रॅक्टर, पिकअप गाड्या आणि रस्ते यांनी ओझी वाहण्याचे काम घेतले, चराऊ जमीन कमी झाली. सांडणीचा गर्भकाळ सुमारे 13 महिन्यांचा असल्याने कळप सावकाश वाढतो.

राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी घोषित केले. 2015 च्या कायद्याने कत्तलीस बंदी घातली आणि उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू संवर्धनाचा होता. पण रायका पशुपालक परंपरेने माद्या समाजाबाहेर विकत नाहीत, त्यांचे उत्पन्न नर विकूनच येते. बाहेरचे गिऱ्हाईक तुटल्यावर नरांचा भाव पडला आणि कळप ठेवणे परवडेनासे झाले.

मागणी दूरवरचीही होती. बकरी ईदसाठी चेन्नईपर्यंत उंट नेले जात. 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, उंटांसाठी योग्य कत्तलखाना नसल्याने, तमिळनाडूत त्यांच्या कत्तलीला मनाई केली. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी 58 उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात असल्याचा आरोप होता. कच्छच्या रबारी पशुपालकांनी तो नाकारला. प्राण्यांवरील क्रौर्य थांबलेच पाहिजे, पण चारणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत जाणारा कळप आणि कत्तलीसाठी नेला जाणारा कळप यांतला फरक रस्त्यावर कसा ओळखायचा, याचे उत्तर सोपे नाही.

7. क्षेत्रभेटीत पाळायच्या गोष्टी

- फोटोआधी माणसाची परवानगी घ्या.
- उंटाच्या मागून जवळ जाऊ नका. माजावर आलेल्या नरापासून दूर राहा.
- खोटे गिऱ्हाईक बनून भाव विचारू नका. विद्यार्थी असल्याचे आधीच सांगा.
- वाटाड्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवा आणि पूर्ण द्या.
- ऐकलेले आणि पाहिलेले वहीत वेगवेगळे लिहा.

स्वाध्याय

1. गुप्त भावामुळे कोणाचा फायदा व कोणाचा तोटा होतो? कारणे द्या.
2. विक्रीवरील निर्बंधामुळे प्राण्याची संख्या वाढेल की घटेल? उंटाच्या उदाहरणावरून दोन्ही बाजू मांडा.
3. तुमच्या जवळच्या आठवडी बाजारात जा. माहितीची तफावत कमी करणारे तीन मार्ग शोधून नोंदवा.