डोळे बघून कळतं का?

'त्याचे डोळे बघितलेस का? मला तर तेव्हाच कळलं होतं!'

आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी एक काकू दुसऱ्या काकूंना सांगत होत्या. 'तो' म्हणजे माझा दादा. दोन वर्षांपूर्वी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. मी जिन्यात उभी होते. काही न बोलता वर आले आणि रात्री मोबाइल घेऊन शोधत बसले. स्किझोफ्रेनिया खरंच डोळ्यांत दिसतो का?

(हे सगळं दादाला विचारूनच लिहितेय. 'नाव तेवढं टाकू नकोस,' एवढीच त्याची अट.)

उत्तर सापडलं, पण ते काकूंच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं निघालं.

आधी हे करून बघा

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. डोके न हलवता नजर अंगठ्यावर ठेवा. डोळे कसे लोण्यासारखे सरकतात! आता अंगठा काढून घ्या आणि नजर तशीच सावकाश सरकवायचा प्रयत्न करा. नाही जमत ना? डोळे टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. कुणालाच जमत नाही, टेन्शन नको.

म्हणजे डोळ्यांच्या हालचालीचे दोन मुख्य प्रकार. एक उडीचा, ज्याला 'सॅकेड' म्हणतात. हे वाचतानाही तुमचे डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतायत. दुसरा पाठलागाचा, 'स्मूथ परस्यूट'. उंच उडालेला कॅच पकडताना चेंडूवर नजर खिळते, तो हा. यात मेंदूला नुसतं बघून चालत नाही. चेंडू पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज सतत बांधावा लागतो.

स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांमध्ये नेमका हा पाठलाग थोडा अडखळतो. नजर मागे पडते आणि मग छोटीशी उडी मारून वस्तूला गाठते.

शोध शंभर वर्षांपूर्वीचा

हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं १९०८ मध्ये, अमेरिकेत. ॲलन डिफेनडॉर्फ हे मनोविकारतज्ज्ञ आणि रेमंड डॉज हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी रुग्णांना झुलत्या लंबकाकडे बघायला लावलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली फोटोत टिपल्या. योगायोग बघा, 'स्किझोफ्रेनिया' हा शब्दही स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याच वर्षी वापरात आणला.

पुढे कित्येक वर्षं याकडे फारसं कुणी वळलं नाही. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धागा पुन्हा उचलला. १९७४ मध्ये त्यांनी रुग्णांच्या आई-वडील आणि भावंडांचीही नजर तपासली. निम्म्याच्या आसपास नातेवाइकांच्या डोळ्यांत तसाच अडखळा दिसला. ही माणसं आजारी नव्हती.

खरं सांगते, रात्री दोन वाजता हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी बावीस वर्षांची. हा आजार बहुतेकदा विशीच्या आगेमागेच सुरू होतो. म्हणजे मलाही?

पुढे वाचत गेले तेव्हा जिवात जीव आला. अशी नजर म्हणजे आजार नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीची एक खूण असू शकते, आणि ती घेऊन माणसं आयुष्यभर ठणठणीत जगतात. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या दहापैकी साधारण नऊ भावंडांना तो होत नाही.

९८ टक्क्यांचं गणित

२०१२ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या नजर-चाचण्या घेतल्या. सरकता ठिपका फॉलो करणं, एका ठिपक्यावर नजर स्थिर ठेवणं आणि फोटो मनासारखे बघणं. फोटो बघताना रुग्णांची नजर चित्रभर फिरण्याऐवजी थोड्या भागातच रेंगाळत होती. या चाचण्यांवरून रुग्ण आणि निरोगी माणसं ९८ टक्क्यांहून जास्त अचूकतेने वेगळी ओळखता आली.

मग आपल्या कॉलेजात सगळ्यांची चाचणी का नाही घ्यायची? गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३०० जणांमागे एकाला हा आजार असतो. समजा, कॉलेजात ३,००० मुलं आहेत. म्हणजे १० जणांना आजार. चाचणी ९८ टक्के बरोबर धरली, तर उरलेल्या २,९९० मधल्या सुमारे ६० निरोगी मुलांवरही शिक्का बसेल! शिवाय खरा रुग्ण डॉक्टरांकडे येतो, तेव्हा हे नैराश्य की बायपोलर की आणखी काही, असा गुंता असतो. तो सोडवणं वेगळं. म्हणून निदान आजही डॉक्टर बोलून, लक्षणं आणि कालावधी बघूनच करतात.

आणि काकू? नजरेतला हा फरक मोजायला खास कॅमेरा आणि कॉम्प्युटर लागतो. लिफ्टमध्ये तो दिसत नाही. काकूंना दिसले असतील ते झोप उडालेले डोळे. किंवा काही औषधांनी चेहरा थोडा थिजल्यासारखा होतो, तो.

मग बघायचं काय?

मित्राचे डोळे नाही, त्याच्यातला बदल बघा. दादाच्या वेळी आम्हाला तो दिसला नाही असं नाही, आम्ही 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून सोडून दिला. रात्ररात्र झोप नाही. ग्रुपमधून अंग काढून घेणं. आंघोळ, जेवण, लेक्चर सगळं सुटत जाणं. 'सगळे माझ्याबद्दलच बोलतायत' असा पक्का संशय. कुणी नसताना आवाज ऐकू येणं. यातलं काही आठवडेच्या आठवडे टिकलं तर वाट बघू नका. उपचार जितके लवकर, तितकं सावरणं सोपं. आमचे आठ महिने असेच गेले.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मित्राऐवजी तुम्हीसुद्धा फोन करू शकता.

दुसऱ्या दिवशी मी दादासमोर पेन्सिल धरली आणि त्याची नजर बघत बसले. मला काहीही वेगळं दिसलं नाही. मग त्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली, माझ्यासमोर फिरवली आणि म्हणाला, 'तुझेच जास्त पळतायत गं.' दोघंही खूप हसलो. आता तो पार्टटाइम नोकरी करतो, गोळ्या वेळेवर घेतो. लिफ्टमध्ये काकू भेटल्या की 'नमस्कार' म्हणतो, त्यांच्या डोळ्यांत बघून.