डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत प्रश्न बदलत का नाहीत?

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळण्यासाठी द्यावी लागणारी यूएसएमएलई ही परीक्षा 1999 पासून संगणकावर घेतली जात असली, तरी परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या ‘कॉम्प्युटर अडॅप्टिव्ह टेस्टिंग’चा, म्हणजे अनुकूली चाचणीचा, तिच्यात वापर होत नाही. पहिल्या गटातले प्रश्न चांगले सोडवले की पुढचा गट मुद्दाम अवघड येतो, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते. कोणते प्रश्न येणार हे पहिले उत्तर देण्यापूर्वीच ठरलेले असते.

अनुकूली चाचणीचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कचे गेओर्ग राश आणि अमेरिकेचे फ्रेडरिक लॉर्ड यांनी घातलेल्या प्रश्नप्रतिसाद सिद्धांतात आहे. या सिद्धांतात परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मोजपट्टीवर मांडली जाते आणि त्या दोहोंमधील अंतरावरून उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता काढली जाते. राश यांच्या प्रतिमानानुसार, एका प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे उत्तर बरोबर येण्याची आणि चुकण्याची संभाव्यता यांचा गुणाकार. ज्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, त्यातून 0.25 इतकी माहिती मिळते, तर दहापैकी नऊ वेळा जमणाऱ्या प्रश्नातून केवळ 0.09, म्हणजे क्षमतेशी नेमका जुळणारा एक प्रश्न अशा सोप्या पावणेतीन प्रश्नांचे काम करतो. संगणक प्रत्येक उत्तरानंतर क्षमतेचा अंदाज सुधारून तिच्याशी जुळणारा पुढचा प्रश्न प्रश्नपेढीतून काढतो, आणि म्हणूनच थोड्या प्रश्नांत निर्णय होऊ शकतो.

अमेरिकेतील परिचारिकांची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा 1994 पासून याच पद्धतीने चालते. 2023 पासूनच्या स्वरूपात तिच्यात किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न असतात, आणि परीक्षार्थी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी 95 टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. 85 प्रश्नांवर संगणक बंद पडलेला परीक्षार्थी उत्तीर्णही असू शकतो आणि अनुत्तीर्णही, हे अनेकांना विचित्र वाटते. पण दोन्ही बाबतींत निर्णय लवकर स्पष्ट झाला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मग डॉक्टरांसाठी हीच पद्धत का नको? एक अडचण आशयाची आहे: हृदयविकारापासून मनोविकारापर्यंत प्रत्येक विषयाला ठरलेला वाटा द्यायचा, तर काठिण्यपातळी पाहून प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य आक्रसते. यूएसएमएलईत एका गटातील प्रश्नांकडे परत जाऊन उत्तर बदलता येते. जिथे प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न अवलंबून असतो, तिथे ही मुभा देणे कठीण. गोपनीयतेचा प्रश्नही लहान नाही, कारण अधिक माहिती देणारे प्रश्न वारंवार निवडले जाऊन लवकर फुटण्याचा धोका असतो व त्यासाठी प्रश्नपेढी फार मोठी लागते. शिवाय निवासी डॉक्टरांच्या निवडीसाठी तीन अंकी गुण वापरले जात असल्याने, केवळ उत्तीर्णतेच्या रेषेजवळ नव्हे, तर वरच्या टोकालाही अचूक मोजमाप आवश्यक होते. पहिल्या टप्प्याचे, म्हणजे स्टेप 1 चे, गुण जानेवारी 2022 पासून बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागल्यावर हे शेवटचे कारण त्या टप्प्यापुरते दुबळे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या टप्प्यात आभासी रुग्णाची स्थिती परीक्षार्थीच्या उपचारांनुसार बदलते, पण ते रोगाचे अनुकरण आहे, काठिण्यपातळीची निवड नव्हे.

परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठीची एफएमजीई ही परीक्षाही 300 ठरावीक प्रश्नांची असून तिच्यात उत्तीर्ण होण्यासाठी 150 गुण लागतात. अनुकूली पद्धत इथे स्वीकारली जाईल का, याचा अंदाज नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवरून बांधता येतो. दोन सत्रांतील दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी कधीच सारखी नसते, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ही परीक्षा एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला, आणि ती 3 ऑगस्ट 2025 रोजी तशी झाली. दोन प्रश्नपत्रिकाही जिथे मान्य झाल्या नाहीत, तिथे प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका देणारी परीक्षा नजीकच्या काळात येणे अवघड आहे.