समानुभवींची बैठक : 'आम्ही'पासून 'आपण'पर्यंत

युद्धावरून परतलेले सैनिक, तसेच आग, अपघात वा घातपात यांच्या जागी सर्वांच्या आधी पोहोचणारे अग्निशामक, पोलिस व रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांच्या मनावर जे ओझे राहते, त्याचा विचार सामान्यतः मानसशास्त्राच्या कक्षेत केला जातो. परंतु ते हलके करण्याचा जो एक मार्ग गेल्या अर्धशतकात रूढ झाला, तो सर्वस्वी बोलण्याचा आहे. समान अनुभव घेतलेल्यांनी ठरावीक वेळी एकत्र बसावे, बोलावे आणि ऐकावे, एवढेच त्याचे स्वरूप. तेव्हा भाषाभ्यासकानेही त्याकडे पाहावयास हरकत नसावी. असे मंडळ आपल्या गावी सुरू करावयाचे तर काय ध्यानी घ्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका

१९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. या नावाने दोष तोफगोळ्याच्या स्फोटाकडे गेला. पण ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता अशांतही तीच लक्षणे दिसू लागली, आणि संज्ञा अपुरी ठरली. पुढे १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या, युद्धविरोधी झालेल्या सैनिकांनी आपल्या बैठका सुरू केल्या. रॉबर्ट जे लिफ्टन व हाइम शटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत बसत. मात्र अधिकारी म्हणून नव्हे. या बैठकांना 'रॅप ग्रूप' म्हणत. 'रॅप' म्हणजे तेथील बोलीत मोकळे बोलणे. 'उपचार' हा शब्द त्या नावात कोठेही नाही. १९७९ साली अमेरिकन काँग्रेसने अशा सैनिकांसाठी वस्तीवस्तीत समुपदेशन केंद्रे उभारण्यास मान्यता दिली, आणि १९८० साली आघातोत्तर तणाव-विकृतीला तेथील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले. क्रम ध्यानात घ्यावा : बोलणे आधी आले, शास्त्रीय नाव मागाहून.

२. दोन सर्वनामे

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. घरी परतलेला सैनिक पत्नीपुढे वा वैद्यापुढे 'आम्ही तिकडे होतो' असेच म्हणू शकतो. व्याकरणच त्याला ऐकणाऱ्यापासून दूर ठेवते. समानुभवींच्या बैठकीत त्याच वाक्याचे 'आपण तिकडे होतो' होते. ऐकणारा त्याच चौकीवर नसला तरी चालते. त्या अनुभवात तो होता, एवढे पुरते. बैठकीचे सारे प्रयोजन या सर्वनामाच्या बदलात आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

'आपण'चा आणखी एक उपयोग आहे. 'आपण आत शिरतो, दार तोडतो, धुरात काही दिसत नाही', असे सांगताना बोलणारा 'मी' टाळून सर्वसामान्य कर्त्याच्या आड उभा राहतो. हा आडोसा त्याला आवश्यक असतो. 'म्हणजे तुम्हीच ना?' असे विचारून तो काढून घेऊ नये. 'मी' त्याच्या वेळेने येतो.

३. स्थापनेचा विचार

प्रथम नाव. 'स्वमदत गट' ही संज्ञा रूढ आहे. पण खेड्यात 'गट' म्हटले की बचत गट अथवा राजकीय गट डोळ्यांपुढे येतो. 'बैठक' हा शब्द घरगुती आहे; तथापि कोकणात तो निरूपणाच्या सत्संगाला लागतो. म्हणून नाव सभासदांनीच निवडावे.

दुसरी गोष्ट संबोधनाची. 'सुभेदारसाहेब' निवृत्त झाल्यावरही गावात सुभेदारसाहेबच राहतात. हुद्दा बोलला की शिपाई गप्प बसतो. म्हणून बैठकीपुरते 'दादा', 'भाऊ', 'ताई' यांसारखी समपातळीची संबोधने पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावीत.

तिसरी गोष्ट मिश्र सभासदत्वाची. सैनिक व अग्निशामक एकत्र बसू शकतात. पण त्यांचे शब्द एक नसतात. 'वर्दी' म्हणजे हिंदीत वावरलेल्या सैनिकाला गणवेश. अग्निशामकाला आगीची खबर. एकाच्या मनात या शब्दाने अभिमान जागा होईल, दुसऱ्याच्या छातीत धडधड. सभासद पुरेसे असल्यास आरंभी स्वतंत्र बैठका बऱ्या.

बाकीच्या बाबी थोडक्यात : आठ-दहांहून अधिक माणसे नसावीत, वार व वेळ बदलू नये, जागा पोलिस ठाणे, अग्निशमन केंद्र वा कार्यालय यांची नसावी, कारण वरिष्ठांच्या कानी जाईल या भीतीने तोंड उघडत नाही. टिपणे ठेवू नयेत. संयोजक अनुभवी असावेत आणि दोन असावेत. एक बोलण्यात गुंतला तर दुसऱ्याचे लक्ष गप्प बसलेल्यांकडे राहते. सभासदांपर्यंत पोहोचण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा उपयोग होतो.

४. मर्यादा

बोलणे नेहमीच हितकर असते, हा समज मात्र सोडावयास हवा. १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवकांसाठी, घटनेनंतर लवकरच सर्वांना एकत्र बसवून अनुभव सांगावयास लावण्याची पद्धत मांडली. पण एकाच बैठकीत आघात उकरून काढण्याच्या अशा उपायांच्या चाचण्यांचा २००२ साली कॉक्रन संस्थेच्या समीक्षेत आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांनी पुढील विकृती टळते असे आढळले नाही; सक्ती थांबवावी, असाच निष्कर्ष निघाला. म्हणून गप्प बसण्याचा हक्क हा बैठकीचा पहिला नियम होय.

दुसरा नियम गुप्ततेचा, आणि त्याला एक अपवाद : कोणी जीव देण्याची भाषा केली तर ती बैठकीत ठेवावयाची नाही. 'आता सुटलो म्हणजे बरे' हे वाक्य थकव्याचे आहे की निरोपाचे, याचा तर्क करीत बसू नये. सरळ विचारावे, माणसाला एकटे सोडू नये, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यासाठी तज्ज्ञाशी आधीच संधान बांधलेले असावे. १४४१६ या क्रमांकावरील 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

५. समारोप

साताऱ्याजवळील अपशिंगे या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. गेलेल्यांसाठी आपल्यापाशी शिलालेख आहेत, दिनविशेष आहेत. जे परत आले, त्यांच्यासाठी भाषेने अद्याप पुरेशी जागा केलेली नाही. ही जागा कोशात करता येत नाही. ती सतरंजीवर, आठ-दहा माणसांत करावी लागते. अशा बैठकींत मराठी कशी बोलली जाते, याचा अभ्यास सभासदांच्या संमतीवाचून होऊ नये. पण संमतीने झाला, तर तो आपल्या विषयाचेही ऋण फेडील.