आडव्या कीबोर्डचा फोन : घेण्यापूर्वी काय पाहावे?

जुन्या मोबाइलच्या बाजारात आडवे उघडणारे, कीबोर्ड असलेले फोन अधूनमधून विक्रीस येतात. बोटांखाली खऱ्या कळा असल्याने ऑर्डरी व उधारी लिहिणाऱ्या व्यापारी बांधवांना त्यांचा मोह होतो. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या हातीही ते येतात. म्हणून त्यांतील फरक आपण समजून घेऊ.

या फोनचे प्रकार दोन. पहिला चष्म्याच्या पेटीसारखा बिजागरीवर उघडणारा. नोकियाचा १९९६ चा ९००० कम्युनिकेटर असाच होता. वजन ३९७ ग्रॅम! त्याच घराण्यातला २००७ चा ई-९० हा २१० ग्रॅमचा. मिटलेल्या ई-९० वर बाहेरच्या आकड्यांच्या कळांनी फोन लावता येतो. उघडल्यावर आत मोठा पडदा व पूर्ण कीबोर्ड मिळतो. टेबलावर ठेवून लिहिण्यास हा प्रकार सोयीचा.

दुसऱ्या प्रकारात पडदा बाजूला सरकतो आणि खालचा कीबोर्ड मोकळा होतो. २००८ चा एचटीसी ड्रीम (अँड्रॉइडचा बाजारात आलेला पहिला फोन), २००९ चे मोटोरोला ड्रॉइड व नोकिया एन-९७ हे या प्रकारचे. ते दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी लिहावे लागते. एन-९७ चा पडदा तिरपा उभा राहतो, ड्रॉइडचा सपाटच राहतो.

व्यापाऱ्याने आधी आकड्यांच्या कळा पाहाव्यात. ड्रीमच्या कीबोर्डला पाच ओळी असून वरची ओळ आकड्यांची आहे. एन-९७ ला तीनच ओळी; तेथे आकडे अक्षरांच्याच कळांवर आहेत आणि त्यासाठी जास्तीची खटपट करावी लागते. दर, नग आणि मापे लिहिणाऱ्याला हा फरक दिवसभर जाणवतो.

दोन्ही प्रकारांची कमजोर जागा एकच. पडदा आणि कीबोर्ड यांना जोडणारी तारांची पातळ पट्टी प्रत्येक उघडझापीत वाकते व झिजते. फोन दहा वेळा उघडून मिटवावा. पडदा लुकलुकला, रेघा आल्या किंवा बिजागरी डुगडुगली, तर सौदा सोडावा. जुन्या मॉडेलची पट्टी सहज मिळेलच असे नाही.

नेटवर्कही तपासावे. वरील सर्व फोन ४जीच्या आधीचे आहेत. जिओचे सिम त्यांत चालणार नाही. सिम्बियनवरील नोकिया फोनमध्ये २०१७ पासून व्हॉट्सअॅपही बंद आहे. कीबोर्डच हवा असेल तर २०१९ मध्ये आलेला एफएक्सटेक प्रो-१ हा ४जीचा, पाच ओळींचा फोन आहे. मात्र आपले सिम घालून, बोलून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि विकणाऱ्या बांधवांनी पट्टीचा वा नेटवर्कचा ऐब ग्राहकाला आधीच सांगावा. ऐब लपवून केलेली विक्री आपल्या दीनमध्ये जायज नाही, आणि अशा कमाईत बरकतही नाही.