कळफलकाला ड्रेसिंग

आपल्या मंडळातील डॉक्टरांचे छंद पाहिले म्हणजे मला नेहमी संकोच वाटतो. कोणी सतार वाजवतो, कोणी दरवर्षी हिमालयात जातो, कोणाचे गुलाब प्रदर्शनात बक्षिसे मिळवतात. माझे रविवार कशात गेले असे विचारले, तर खरे उत्तर ‘संगणकाचा कळफलक उघडून त्यात फोम भरण्यात’ असे आहे. हे उत्तर ऐकूनही संपादकांनी लेखाचा आग्रह सोडला नाही, म्हणून हा प्रपंच.

याचे मूळ नंदलालपुऱ्यातील आमच्या जुन्या घरात आहे. वडील न्यायालयात टंकलेखक होते आणि संध्याकाळी घरीही टायपिंगची कामे घेत. त्यांचे रेमिंग्टन रात्री दहा-साडेदहापर्यंत चाले. खालच्या बिऱ्हाडातील काकूंनी एकदा तक्रार केली, तेव्हा आईने जुन्या लुगड्यांची गोधडी चौघडी करून यंत्राखाली सरकवली. काकूंची तक्रार थांबली. मी मात्र त्या खडखडाटातच झोपी जात असे, आणि आवाज थांबला की मला जाग येई.

पुढे वैद्यकीय व्यवसायात टंकलेखनाशी संबंध येण्याचे कारण नव्हते. पण २०१६ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने औषधाची नावे सुवाच्य, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत असे बजावले. माझे अक्षर पाहून औषध-दुकानदार पूर्वीपासूनच मला फोन करीत, तेव्हा मी मुकाट्याने संगणकाकडे वळलो. २०१९ साली मुलीने वाढदिवसाला एक यांत्रिक कळफलक भेट दिला. त्याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच होता. पहिले प्रिस्क्रिप्शन टाइप केले आणि कानांवर रेमिंग्टन आले! वडिलांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्या दिवसापासून मी गरजेपेक्षा थोडे अधिकच टाइप करू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येऊ लागला. बोलणे उशिरा, नजर टाळणे, एकाच खेळण्यात तासन्‌तास रमणे. स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासण्या सुरू होत्या. आईच्या मांडीवर तो शांत बसे, आणि मी लिहायला घेतले की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळू लागे. डॉक्टरला घाबरणारी मुले आपण रोज पाहतो, त्यातलाच हा, असे मी धरून चाललो होतो. तिसऱ्या भेटीत त्याची आई अगदी अजिजीने म्हणाली, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण तो तुम्हाला नाही घाबरत. तुम्ही टाइप करता ना, त्याला घाबरतो. घरी मिक्सर लावला तरी असंच करतो.” आणि मग थांबून म्हणाली, “खरं सांगायचं तर तुम्ही टाइप करायला लागलात की मीही बोलायची थांबते. मला वाटतं, तुम्हाला व्यत्यय येईल.”

पहिले वाक्य मला लागले, पण दुसरे जास्त लागले. संवेदनांबाबतची अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया २०१३ पासून डीएसएम-५ च्या स्वमग्नतेच्या निकषांत आहे, आणि ते मी विद्यार्थ्यांना शिकवीतही आलो आहे. ते लक्षण माझ्या टेबलासमोर तीनदा बसून गेले आणि मला दिसले नाही. आणि किती आया इतकी वर्षे अर्धे सांगून थांबल्या असतील, याचा हिशेब तर लागणेच शक्य नव्हते.

त्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर पंखा थांबवून मोबाइलच्या ध्वनिमापकाने मोजणी केली. मोबाइलचे आकडे प्रमाणित नसतात, तेव्हा त्यांतला फरक तेवढा खरा मानावा. मुलाचे डोके जिथे येते तिथे, टेबलापासून दीड हातावर मोबाइल धरला. शांततेत ३८ डेसिबल, आणि बायकोला टाइप करायला सांगितले तेव्हा ६३. आमच्या रस्त्यावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. नवजात अतिदक्षता विभागासाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली ४५ डेसिबलची मर्यादा सुचविली होती. तिच्यावर मी भाषणे दिली आहेत. बाहेरच्या हॉर्नला शिव्या देणारा मी आत बसून हे उद्योग करीत होतो.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, साधा कीबोर्ड घ्या, पाचशे रुपयांत येतो.” सल्ला बिनचूक होता. पण तिने दिलेली वस्तू माळ्यावर टाकणे मनाला पटेना. शिवाय वडिलांचा तो आवाज होताच. तो ठेवून तेवढा हळू करता आला तर, असा लोभ होता.

पहिला उपाय अर्थातच आईचा. जुन्या योगासनाच्या चटईचा तुकडा कापून कळफलकाखाली ठेवला. आवाज दोन-तीन डेसिबलने उतरला. टेबलाची लाकडी फळी तबल्याच्या पुडीसारखी घुमत होती, ती थांबली. (येथे एक विषयांतर. टेबल वाजवल्यावर बाळ वळले म्हणजे त्याला ऐकू येते, असे कोणी समजू नये; टेकलेल्या हाताला कंपन कळते. शंका असेल तर ओएई आणि बेरा करून घ्यावे.)

दुसरा प्रयोग कळी तळाशी आपटते त्या आवाजावर होता. कळ सुमारे चार मिलिमीटर खाली जाते, अक्षर मात्र दोन मिलिमीटरच्या आसपासच उमटते. उरलेला प्रवास निव्वळ आपटण्यासाठी! हलके टाइप करण्याची सवय लावून पाहिली, पण पन्नाशी उलटलेली बोटे ऐकेनात. मग नेब्युलायझरच्या टाकाऊ नळीच्या ब्लेडने पातळ चकत्या कापल्या आणि एकेका टोपीच्या आतल्या दांड्यावर चढवल्या. चकत्या एकसारख्या कापल्या जाईनात. एक कळ उंच, एक ठेंगणी, आणि एंटर तर दाबला की वर यायलाच तयार नाही. शेवटी सियागंजात एका सील-पॅकिंगच्या दुकानात गेलो आणि पाच मिलिमीटर आतला व्यास असलेले रबरी ओ-रिंग शंभर मागितले. दुकानदाराने विचारले, “कौन से पंप में लगेंगे?” मी खरे सांगितले. त्याने मला पुन्हा एकदा नीट पाहून घेतले आणि मग पैसे मोजले.

ओ-रिंगने खालचा ठोका मऊ झाला. आता पोकळ पेटीचा नाद उरला. पाठीमागचे स्क्रू काढून कळफलक उघडला, तर सर्किट बोर्ड आणि तळ यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा. सोफ्याच्या गादीतला फोम भरला. तो इतका जाड होता की बोर्डला बाक आला आणि काही कळा आपोआप लागू लागल्या. पडद्यावर ‘एम’ची रांगच्या रांग उमटली. तो काढून पॅकिंगमधला पातळ फोम घातला. आवाजाची पट्टी उतरली, टणटण गेली. बोर्डच्या पाठीवर कागदी चिकटपट्टीचे तीन थर लावण्याचीही एक पद्धत आहे. मी मायक्रोपोर लावली. त्याने आकड्यात फरक पडला नाही, पण स्वर मात्र सतारीवरून पखवाजाकडे गेल्यासारखा झाला.

राहिली स्पेसबार. लांब कळा दोन्ही टोकांना समान दाबल्या जाव्यात म्हणून त्यांच्याखाली तारेची एक दांडी असते, आणि ती खुळखुळते. यावरचा उपाय वाचून मला हसू फुटले. जिथे त्या दांडीचे पाय बोर्डवर आपटतात, तिथे जखमेवरच्या कापडी पट्टीचे छोटे तुकडे चिकटवायचे; हौशी मंडळींत या उपायाला ‘बँड-एड’चेच नाव आहे. पट्टीतील कापसाची गादी वगळून दोन दोन मिलिमीटरचे तुकडे कापत बसलो होतो, तेव्हा आमच्या सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, “सर, कळफलकाला ड्रेसिंग?” वर तारेला थोडे सिलिकॉन ग्रीस चोपडले. स्पेसबारचा खुळखुळाट पूर्ण गेला. या सगळ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय हाच.

इतके झाल्यावर पुन्हा मोजणी केली. ६३ चे ५७ झाले होते. पुढच्या भेटीत मुलगा आला. मी दोन शब्द टाइप केले. हात कानांवर गेले.

मग मी जे सुरुवातीलाच करायला हवे होते ते केले: एक सुटा स्विच आणून तो उघडून पाहिला. चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकातले. आज अनेक चिनी कारखाने त्याच घडणीचे स्विच बनवतात. त्यांतल्या निळ्या जातीत सरकणारा दांडा एकसंध नसतो. निळ्या दांड्यावर एक पांढरी कॉलर सैल बसवलेली असते. दांडा खाली येताना ती कॉलर संपर्काच्या पातळ पत्र्यावर अडते, ताण साठतो, आणि अडथळा ओलांडताच पत्रा तिला झटक्याने खाली भिरकावतो. ती तळावर आपटते तोच ‘टक्‌’. हा आवाज मुद्दाम घडवलेला आहे, लिहिणाऱ्याला अक्षर उमटल्याची खूण पटावी म्हणून. चटई, ओ-रिंग, फोम, पट्टी यांपैकी एकही तिथपर्यंत पोहोचत नाही. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेल्या मुलाला मी चार महिने खोकल्याचे औषध पाजत होतो!

पांढरी कॉलर काढून टाकता येते का, तेही पाहिले. निघते; पण मग कळ लुळी वाटते आणि कधी कधी अक्षर दोनदा उमटते. तेव्हा मूक जातीचे स्विच मागवले. त्यांत क्लिक नसतेच, आणि दांड्याच्या खालच्या व वरच्या दोन्ही आघातांवर रबराचे बारीक ठिपके बसवलेले असतात. माझ्या कळफलकात स्विच खुंटीला लावल्यासारखे काढता येण्याजोगे नव्हते, पक्के सोल्डर केलेले होते. ८७ स्विच, प्रत्येकाला दोन पाय, म्हणजे १७४ सांधे वितळवून, शोषक पंपाने कथील ओढून काढायचे. तीन रविवार लागले. नवजात बाळाची शीर शोधणारा हात इथे उपयोगी पडेल असा माझा समज होता. एकशे साठाव्या सांध्यापर्यंत तो खराही ठरला; मग घाई झाली आणि एका कळीखालची तांब्याची चकती बोर्डवरून उखडून हातात आली. ती कळ नेमकी इंग्रजी ‘पी’ची. पॅरासिटामॉल लिहिल्याशिवाय बालरोगतज्ज्ञाचा दिवस सरत नाही. जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने केसासारख्या तारेने तो सांधा दुसरीकडून जोडून दिला. पैसे घेतले नाहीत. त्याची लहान बहीण कधी काळी माझ्याकडे येत असे म्हणे.

आता मोजणी ४५-४६ येते. बायको म्हणते, तुम्ही लिहिताय की नुसते बसलाय तेच कळत नाही. हे माझेही खरे आहे. सुरुवातीचे काही आठवडे अक्षर उमटले की नाही हे पडद्यावर पाहून खात्री करावी लागे, आणि संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर खोली रिकामी वाटे. काढलेले निळे स्विच टाकून दिलेले नाहीत. त्यांतला एक टेबलाच्या खणात आहे. कधी तरी दार लावून घेतो आणि चार-पाच वेळा दाबतो.

डिसेंबरात तो मुलगा पुन्हा आला. मी टाइप करू लागलो. तो खिडकीतल्या पडद्याची दोरी बोटांत गुंडाळत राहिला. हात कानांवर गेले नाहीत. आईने बोलायला सुरुवात केली. झोपेविषयी, मग शाळेविषयी, मग घरातल्या एका भांडणाविषयी, ज्याबद्दल आधीच्या पाच भेटींत अवाक्षर नव्हते. मी लिहीत राहिलो आणि ती बोलत राहिली. वीस मिनिटे झाली असतील.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत सिस्टरनी कुणासाठी तरी नेब्युलायझर सुरू केला. मुलाचे दोन्ही हात कानांवर, आणि किंकाळी. आई माझ्याकडे पाहून हसली, मीही हसलो. उरलेला योगचटईचा तुकडा आता त्या यंत्राखाली आहे. पण त्याचा आवाज मोटरमधून येतो की हवा ओढणाऱ्या तोंडातून, हे या खेपेस आधी उघडून पाहणार आहे.