बंदीचे महिने चुकले
तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, त्याच्या वर डोळ्यातून निघून निम्म्या अंगापर्यंत गेलेली लालभडक रेघ आणि शेपटीच्या टोकांवर पिवळ्या-काळ्या खुणा. फिशटँकच्या दुकानात 'मिस केरळ' या नावाने मिळणारा हा डेनिसन बार्ब. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्या सोडल्या, तर तो निसर्गात कुठेच सापडत नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या 'ॲक्वारामा' प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि परदेशातून मागणी सुरू झाली. हा मासा थव्याने राहतो. जाळं नेमकं पडलं की डोहातला अख्खा थवा हाती लागतो.

ओरड झाल्यावर केरळ सरकारने २००८ मध्ये निर्बंध आणले. जून, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये पकड बंद. पावसाळा म्हणजे माशांच्या विणीचा काळ, असा सरळ हिशेब त्यामागे असावा. पण चंद्रगिरी, वळपट्टणम आणि चालियार नद्यांतले मासे तपासून, अंडाशयाचं वजन शरीराच्या वजनाशी ताडून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. हा मासा विणतो ऑक्टोबर ते मार्च! म्हणजे विणीच्या सहा महिन्यांपैकी बंदीत आला तो एकच. बाकी पाच महिने अंड्यावरच्या माद्या पकडायला कायद्याची आडकाठी नव्हती. शिवाय होते ते नियमही कागदावरच राहिले.

२००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. त्यात मोठा वाटा असलेल्यांपैकी एक आपल्याकडचा आहे: कृष्णेच्या खोऱ्यातला, अंगभर आडवेतिडवे पट्टे असलेला झेब्रा लोच.

सरसकट निर्यातबंदी हा उपाय मला पटत नाही. मिस केरळची पैदास संप्रेरकांचं इंजेक्शन देऊन टाक्यांमध्ये करता येते आणि आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतांनी ती बाजारपेठ केव्हाच हेरली आहे. इथला माल थांबला, तर गिऱ्हाईक तिकडे वळेल आणि नदीकाठच्या कोळ्याच्या हाती काहीच उरणार नाही. बंदी हवी ती विणीच्या महिन्यांत, आणि पैदास केंद्रं हवीत ती याच नद्यांच्या काठी.

तोवर टँकसाठी मासा घेताना दुकानदाराला एवढं तरी विचारा, की हा पैदाशीचा आहे की नदीतून धरलेला? उत्तर देता आलं नाही, तर तो मासा घेऊ नका.