जुने बोलिंडर इंजिन घेताना

एक सिलिंडरच्या जुन्या बोट इंजिनांत स्वीडनच्या बोलिंडरचे कदरदान आजही आहेत. इंग्लंडच्या कालव्यांवरील ‘लिंडा’ या मालवाहू बोटीत हे इंजिन १९१२ साली बसले.

सौदा करताना आधी पट्टी वाचावी. स्टॉकहोमचे नाव असेल तर इंजिन बहुधा १९३२ पूर्वीचे. त्या साली कारखाना मुंकटेल्सशी एक झाला आणि काम एस्किल्स्टुनाला गेले. पण पट्टी बदलता येते. आम्ही कापडवाले छापाआधी सूत पाहतो. इथे सूत म्हणजे डोक्यावरचा पोकळ लोखंडी गोळा. यात ठिणगीचा प्लग नाही. ब्लोलॅम्पने गोळा तापवायचा, त्याच्या उष्णतेने तेल पेटते. गोळ्याला तडा असेल तर नवा ओतवून घेण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा.

दुसरी जागा क्रँककेस. आत येणारी हवा तिथेच दाबली जाते, म्हणून बेअरिंगजवळ गळती असली की जोर येत नाही. रंगरंगोटी नंतर!

जुन्या नमुन्यांत उलट चालीसाठी गिअर नसे. वेग उतरवून, पिस्टन वर पोहोचण्याआधीच तेल सोडायचे. धक्क्याने फिरणे उलटते. विकणाऱ्याने हे करून दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नये.